कमर्शियल आणि इन्सॉल्व्हन्सीची वकील: मला सारखे विचारले जाणारे प्रश्न

व्हॉट्सॲपवर, लग्नाच्या पंगतीत, सिंहगड एक्सप्रेसमध्ये शेजारच्या सीटवरून आणि भोसरीच्या चहाच्या टपरीवर मला तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच लिहून टाकते. सोप्यापासून सुरुवात केलीय, पुढे किचकट होत जाईल. ज्याचं उत्तर आधीच आलंय तिथे नंबर टाकलाय, तिकडे जाऊन वाचा. आणि हे वाचून कुणी थेट नोटीस टाकायला धावू नका, प्रत्येकाचे कागद वेगळे असतात.

१. मॅडम, तुम्ही नक्की कसल्या वकील? सिव्हिल की क्रिमिनल?

सिव्हिल, आणि त्यातही फक्त धंद्याच्या पैशांची भांडणं. कमर्शियल म्हणजे दोन धंदेवाल्यांमधला वाद, माल दिला पैसे नाही आले, मशीन घेतलं ते चाललं नाही, फ्रँचायझी मोडली, पार्टनर पार्टनरचं तोंड बघेना, असलं सगळं. इन्सॉल्व्हन्सी म्हणजे कंपनीला देणी देता येत नाहीयेत, आता तिचं पुढे काय करायचं. त्याचा कायदा २०१६ चा, सरकारी मराठीत नादारी आणि दिवाळखोरी संहिता, पण हे नाव मी आजवर कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही, सगळे आयबीसीच म्हणतात. घटस्फोट, सातबारा, सोसायटीचं पार्किंग यातलं मला काही येत नाही, खरंच येत नाही, उगाच आढेवेढे घेत नाहीये.

२. शिक्षण काय झालंय? कॉमर्स घेतलंच पाहिजे का?

चिंचवडला बीकॉम, मग आयएलएसला तीन वर्षांचं एलएलबी. लॉ कॉलेज रोडला ते नाव ज्याच्यामुळे पडलं तेच कॉलेज, १९२४ चं. कॉमर्स पाहिजेच असं नाही, कुठल्याही शाखेचा पदवीधर सीईटी देऊन तीन वर्षांच्या कोर्सला जाऊ शकतो, बारावीनंतर पाच वर्षांचा कोर्स आहेच. माझ्या बरोबरीची एक जण संस्कृत घेऊन बीए झालेली आणि ती आज माझ्यापेक्षा सरस ड्राफ्ट लिहिते. पण बॅलन्सशीट बघून पोटात गोळा येत असेल तर या लाइनीत पहिली दोन वर्षं जड जातात. मला फायदा झाला तो बीकॉमच्या डिग्रीचा कमी आणि सुट्टीत वडिलांच्या वर्कशॉपची बिलं टॅलीत भरायचे त्याचा जास्त.

३. एलएलबी झालं की लगेच वकील ना?

नाही. बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवाकडे नाव नोंदवून सनद घ्यायची आणि मग एआयबीई म्हणजे ऑल इंडिया बार एक्झामिनेशन पास व्हायची. ही परीक्षा घ्यायचा अधिकार बार कौन्सिल ऑफ इंडियाला आहे का यावर बरंच भांडण झालं, शेवटी २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं आहे म्हणून सांगितलं. नोंदणीची फी पूर्वी राज्याराज्यात वाटेल तेवढी घ्यायचे, जुलै २०२४ च्या निकालानंतर खुल्या गटाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये, त्याच्यावर नाही. आमच्या वेळी हे झालं असतं तर एक चांगला कोट आला असता.

४. ज्युनिअरशिप कुठे केलीत आणि पैसे मिळायचे का?

शिवाजीनगर कोर्टात, एका सिव्हिलच्या सरांकडे, जवळजवळ पाच वर्षं. सुरुवातीला महिना चार हजार, तेही सरांच्या लक्षात राहिलं तर. पहिलं वर्ष तारखा घेण्यात गेलं. सकाळी बोर्ड बघायचा, कुठलं मॅटर कुठल्या कोर्टात ते वहीत लिहायचं, पुरसीस द्यायची, समोरच्याच्या अर्जावर म्हणणं द्यायचं, नकलेचा अर्ज टाकायचा आणि शिरस्तेदारांशी नीट बोलायचं. तेव्हा वाटायचं हे काय हमालीचं काम, पण रोजनामा वाचायला मी तिथेच शिकले. रोजनाम्यात प्रत्येक तारखेला काय झालं त्याची एक ओळ असते, त्या ओळी सलग वाचल्या की कोण वेळ काढतोय आणि कोणाकडे कागदच नाहीत हे कळतं. आजही नवीन फाइल आली की मी दावा आणि कैफियत (दाव्याला समोरच्याचं लेखी उत्तर) नंतर वाचते, आधी रोजनामा.

५. मग एकदम इन्सॉल्व्हन्सीकडे कशा वळलात?

हे जरा लांबेल. वडिलांचं भोसरी एमआयडीसीत छोटं वर्कशॉप, दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, जॉबवर्क करायचे. मी शाळेत असताना एका मोठ्या कंपनीकडे त्यांचे सात लाख अडकले आणि ती कंपनी बीआयएफआरमध्ये, म्हणजे आजारी कंपन्यांसाठीच्या सरकारी मंडळाकडे गेली. आमच्या घरात बीआयएफआर हा शब्द आजोबांच्या डायबेटिससारखा होता, रोज निघायचा आणि काय करायचं कुणालाच माहीत नाही. आजारी कंपन्यांसाठी १९८५ चा कायदा होता, एकदा कंपनी त्याच्या आसऱ्याला गेली की वसुलीचे दावे तिथल्या परवानगीशिवाय पुढे सरकायचे नाहीत आणि वर्षांमागून वर्षं जायची. वडिलांना त्या सात लाखांतला रुपया दिसला नाही, एक लेथ विकावं लागलं.

१ डिसेंबर २०१६ ला ते जुनं प्रकरण बंद झालं आणि त्याच दिवसापासून कंपन्यांसाठी आयबीसीची नवीन प्रक्रिया लागू झाली. बँकेसाठी कलम ७, माल किंवा सर्व्हिस देणाऱ्यासाठी कलम ९, कंपनीला स्वतःहून यायचं असेल तर कलम १०. या कायद्याखाली आलेला पहिलाच अर्ज पुण्याच्या कंपनीवरचा होता, आयसीआयसीआय बँक विरुद्ध इनोव्हेंटिव्ह इंडस्ट्रीज. कंपनीचं म्हणणं की महाराष्ट्राच्या १९५८ च्या रिलीफ अंडरटेकिंग कायद्याखाली आम्हाला संरक्षण आहे, आमची देणी सध्या स्थगित आहेत. ३१ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की आयबीसी वरचढ आहे, राज्याचा कायदा आड येणार नाही. मी तो निकाल शिवाजीनगरच्या बार रूममध्ये प्रिंट काढून वाचला, पेन घेऊन, आणि संध्याकाळी वडिलांना जेवताना सांगत बसले तर ते म्हणाले हे वीस वर्षं आधी करायला काय झालं होतं यांना. पुढच्या वर्षी सरांना सांगून मी मुंबईच्या एका इन्सॉल्व्हन्सी करणाऱ्या चेंबरला जायला लागले.

६. पुण्यात राहता आणि केसेस मुंबईत कशाला? पुण्यात एनसीएलटी नाहीये का?

नाहीये. एनसीएलटी म्हणजे कंपन्यांच्या प्रकरणांचं न्यायाधिकरण, कंपनीचं रजिस्टर्ड ऑफिस ज्या भागात त्या भागाच्या एनसीएलटीत जावं लागतं आणि पुण्याच्या कंपन्यांसाठी ते म्हणजे मुंबई बेंच, कफ परेडला एमटीएनएलच्या बिल्डिंगमध्ये. त्यामुळे चिंचवडहून पहाटे सिंहगड, सीएसएमटीवरून टॅक्सी, आणि कधी कधी मॅटर बोर्डावर इतकं खाली की पोचतच नाही. व्हिडिओवरून हजर राहता येतं त्याचा आधार आहे पण महत्त्वाच्या युक्तिवादाला मी जातेच, समोर उभं राहून फाइलचं पान दाखवण्यात फरक पडतो. इथलं अपील दिल्लीच्या एनसीएलएटीला, त्याच्यावर सुप्रीम कोर्ट.

गंमत म्हणजे फॅक्टरी चाकणला असली तरी रजिस्टर्ड ऑफिस दिल्लीला असेल तर केस दिल्लीला जाते. उलटंही होतं. म्हणून पहिली गोष्ट कंपनी मंत्रालयाच्या पोर्टलवर पत्ता बघायचा, गेटवरची पाटी नाही. (याच्यावरून माझी फजिती झालीय, ती प्रश्न १६ मध्ये.)

पुण्यात जे आहे ते शिवाजीनगरला कमर्शियल कोर्ट आणि बँकांच्या वसुलीसाठी डीआरटी, तिथे २० लाख आणि त्याच्या वरची बँकेची कर्जं चालतात. हायकोर्टाचं बेंच पुण्याला हवं ही वकिलांची मागणी जुनी आहे. १८ ऑगस्ट २०२५ ला सर्किट बेंच सुरू झालं ते कोल्हापूरला, सहा जिल्ह्यांसाठी, आणि त्या सहात पुणे नाही. यावर बार रूममध्ये कुणाशी बोलू नका, चहा गार होतो.

७. कमर्शियल कोर्ट म्हणजे वेगळी बिल्डिंग का? साध्या दाव्यापेक्षा काय वेगळं?

बिल्डिंग तीच, नियम वेगळे. २०१५ चा कायदा आहे, सुरुवातीला एक कोटीच्या वरच्याच वादांना लागू होता, २०१८ मध्ये मर्यादा तीन लाखांवर आणली त्यामुळे भोसरी-चाकणचे बहुतेक वाद आता त्यात बसतात. दोन गोष्टी लक्षात ठेवा. तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल तर दावा लावण्याआधी मध्यस्थी करावीच लागते, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करून. ती टाळून लावलेला दावा फेटाळला जातो, २०२२ मध्ये पाटील ऑटोमेशनच्या निकालात सुप्रीम कोर्टानं हे पक्कं केलं. दुसरं, कैफियत. समन्स मिळाल्यापासून ३० दिवस, फार तर १२०, त्यानंतर एक दिवसही नाही, कोर्टाला इच्छा असली तरी नाही. साध्या दाव्यात कैफियतीला वर्ष लावायची सवय असलेले जुने वकील इथे हमखास सापडतात.

मध्यस्थीचं ते कलम १२अ. आणि आयबीसीत समझोता करून केस मागे घ्यायची त्याचंही कलम १२अ. दोन्ही कामं एकाच आठवड्यात आली की ऑफिसमध्ये कुणी 'ते १२अचं काय झालं' विचारलं की आधी भांडण होतं.

८. एका पार्टीकडे माझे १८ लाख अडकलेत. एनसीएलटीत टाकू का, घाबरून देईल ना?

मला येणाऱ्या दहा फोनमधले सहा हेच. तर एक, थकबाकी किमान एक कोटी पाहिजे. पूर्वी एक लाख होती, २४ मार्च २०२० ला एक कोटी केली. दोन, समोरची पार्टी कंपनी किंवा एलएलपी पाहिजे, प्रोप्रायटर किंवा साधी भागीदारी फर्म असेल तर तिच्यावर एनसीएलटीत असा अर्ज चालतच नाही. तुम्ही स्वतः प्रोप्रायटर असाल तर हरकत नाही. तीन, आणि हेच लोकांच्या पचनी पडत नाही, हे वसुलीचं कोर्ट नाहीये. अर्ज एनसीएलटीनं दाखल करून घेतला की पैसे तुम्हाला मिळत नाहीत, कंपनीचा ताबा जातो आणि तुम्ही इतर सगळ्या घेणेकऱ्यांबरोबर लाइनीत उभे राहता, बँका पुढे, तुम्ही बऱ्यापैकी मागे. नुसता दबाव टाकायला खोटेपणानं अर्ज केला तर एक लाखापासून एक कोटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. फॉर्मची फी फक्त दोन हजार आहे म्हणून लोकांना मोह होतो.

१८ लाखांसाठी रस्ते दुसरे आहेत. उद्यम नोंदणी आधीपासून असेल तर एमएसएमई फॅसिलिटेशन कौन्सिल, तिथे ४५ दिवसांच्या वर थकलेल्या बिलावर बँक रेटच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येतं आणि निर्णय तुमच्या बाजूनं लागला तर समोरच्याला तो कोर्टात आव्हान द्यायला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. नोंदणी माल दिल्यानंतर केली असेल तर अडचण येते, म्हणून आजच करा. नाहीतर कमर्शियल कोर्टात दावा, लेखी करार किंवा चेक असेल तर समरी सूट, म्हणजे झटपट चालणारा दावा.

९. माझे तर एक कोटी वीस लाख आहेत. मग नक्की टाकता येईल?

आधी डिमांड नोटीस, समोरच्याला दहा दिवस. त्या दहा दिवसांत त्यानं सांगितलं की आधीपासून वाद होता आणि कागद दाखवला, तर अर्ज गेला. २०१७ च्या मोबिलॉक्स निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की वाद खरा असला म्हणजे पुरे, त्यात कोण जिंकेल हे एनसीएलटी बघत बसणार नाही.

प्रत्यक्षात कसं दिसतं ते सांगते. चाकणचे एक गृहस्थ, कास्टिंगवाले, बॉक्सफाइल घेऊन आले. बिलं, चलनं, प्रत्येक चलनावर गेटचा इनवर्ड शिक्का, जीआरएन नंबर पेनानं लिहिलेले, लेजर पण जुळतंय, मी मनात म्हटलं काय सुंदर फाइल आहे. मग मी विचारलं डेबिट नोट आलीय का कधी. म्हणाले हो एक आली होती, चाळीस पीसची, किरकोळ होती म्हणून आम्ही लक्षच नाही दिलं. मग मेल उघडले. चाळीस पीस ब्लोहोल्स म्हणून रिजेक्ट, खाली एक ओळ, पुढच्या लॉटचंही पेमेंट होल्ड. नोटीसच्या सात महिने आधीचा मेल. यांनी त्याला उत्तर दिलेलं, 'नोटेड, विल चेक'. या तीन शब्दांनी ती कलम ९ ची केस तिथेच संपली. मी त्यांना कमर्शियल कोर्टात पाठवलं, त्यांना ते आवडलं नाही, मला वाटतं ते अजून समजतात की मी घाबरले.

१०. तुम्हीच कंपनी चालवायला घेता का? आरपी म्हणजे तुम्हीच ना?

नाही. रिझॉल्यूशन प्रोफेशनल ही वेगळी व्यक्ती, आयबीबीआय म्हणजे इन्सॉल्व्हन्सीच्या नियामक मंडळाकडे नोंदलेली. त्यासाठी वेगळी परीक्षा, एखाद्या इन्सॉल्व्हन्सी एजन्सीची मेंबरशिप (सीए, सीएस आणि कॉस्ट अकाउंटंट या तिघांच्या संस्थांच्या तीन एजन्सी आहेत) आणि वकिलाला किंवा सीएला दहा वर्षांचा अनुभव लागतो. केस ॲडमिट झाली की डायरेक्टर बाजूला होतात आणि हा माणूस कंपनी चालवतो, घेणेकऱ्यांचे क्लेम घेतो, बँकांसारख्या कर्ज देणाऱ्यांची कमिटी बसवतो. मी त्याच्यातर्फे किंवा विरुद्ध उभी राहते. परीक्षा द्यावी असं अधूनमधून वाटतं, मग एखाद्या आरपीला रात्री अकरा वाजता बंद कारखान्याच्या वॉचमनच्या पगारावरून फोनवर हुज्जत घालताना ऐकते आणि विचार मागे पडतो.

११. आमचे सीए म्हणाले एनसीएलटीत ते स्वतः उभे राहू शकतात. मग वकील कशाला?

बरोबर म्हणाले. कंपनी कायद्याच्या कलम ४३२ प्रमाणे सीए, सीएस, कॉस्ट अकाउंटंट तिथे बाजू मांडू शकतात आणि काही जण फार छान मांडतात, आकड्यांत तर मी त्यांच्याकडूनच शिकलेय. पण कमर्शियल कोर्टातला दावा त्यांना चालवता येत नाही, आणि असली भांडणं एका कोर्टात कधीच राहत नाहीत, इकडे कलम ९ तर तिकडे चेक बाउन्स. साधं न वादाचं काम असेल तर तुमचे सीए करतील, उगाच मला बोलावू नका.

१२. तुम्ही बँकेच्या बाजूनं असता की बुडालेल्याच्या?

दोन्ही केलंय, एकाच केसमध्ये अर्थातच नाही. पण 'बुडालेला' शब्द मला आवडत नाही. कर्ज थकलेले सगळे चोर नसतात, एका मोठ्या गिऱ्हाइकानं पेमेंट अडवलं की खालची पाच वर्कशॉपं आपोआप थकतात, हे मी घरात बघितलंय. बँकेच्या बाजूनं काम करताना प्रवर्तकाला खलनायक करायचा मोह होतो, फाइलमध्ये काही नसलं की जास्तच.

१३. किती केसेस जिंकल्यात? सक्सेस रेट सांगा.

सांगणार नाही आणि सांगता येणारही नाही. सत्तर टक्के म्हणायला मी काय क्लासवाली आहे का. कलम ९ चा अर्ज फेटाळला पण सुनावणीच्या आदल्या रात्री समोरच्यानं साठ टक्क्यांत सेटल केलं, हे जिंकणं की हरणं? ॲडमिशननंतर कमिटी बसली की मागे घ्यायला कमिटीची ९० टक्के मतं लागतात, म्हणजे समझोता करायचा तर कमिटी बसायच्या आत, ही वेळ साधणं हेच कितीदा तरी आमचं मुख्य काम असतं आणि ते कुठल्याच ऑर्डरमध्ये 'जिंकले' म्हणून येत नाही.

१४. फी वसुलीवर टक्केवारीत घ्याल का? आधी काही नको.

नाही घेता येत. मिळणाऱ्या रकमेत हिस्सा घेणं वकिलाला बार कौन्सिलच्या नियमांनी बंद आहे. जो म्हणतो 'दहा टक्के द्या, बाकी बघतो', त्याच्याकडे सनद आहे का ते बघा.

१५. कोविडमध्ये थकलेलं पेमेंट चालेल का? आणि जुनी थकबाकी किती मागची चालते?

कोविडचं नाही. २५ मार्च २०२० पासून वर्षभरात जो डिफॉल्ट झाला त्याच्यावर आयबीसीखाली कधीच अर्ज करता येत नाही, आज नाही आणि पुढेही नाही, कलम १०अ. दावा लावता येतो, तो वेगळा. आधीच्या किंवा नंतरच्या डिफॉल्टला ही आडकाठी नाही म्हणून बिलवार तारखा काढाव्या लागतात.

मुदत साधारण तीन वर्षं, डिफॉल्टपासून. मध्ये समोरच्यानं लेखी कबुली दिली असेल तर तिथून परत तीन. त्याच्या बॅलन्सशीटमध्ये तुमचं नाव घेणेकरी म्हणून असेल तर तीही कबुली धरता येते, पण खाली ऑडिटरची टीप वाचा, तिथे 'वादग्रस्त' लिहिलं असेल तर सगळं ओम फस. दरवर्षी ३१ मार्चला बॅलन्स कन्फर्मेशन सही-शिक्क्यानिशी मागून घेणारा माणूस माझा आवडता अशील.

१६. तुमची सगळ्यात मोठी चूक कोणती?

हा प्रश्न एका इंटर्ननं विचारला होता आणि मला फार आवडला. कलम ९ चं माझं स्वतंत्र असं पहिलं काम, डिमांड नोटीस मी पाठवली कारखान्याच्या पत्त्यावर. तिथेच माल जायचा, तिथेच माणसं बसायची, पोचपावतीही आली शिक्क्यासकट, मी खूश. नोटीस रजिस्टर्ड ऑफिसला जायला हवी होती आणि ते होतं कोथरूडला एका डायरेक्टरच्या सासऱ्यांच्या फ्लॅटमध्ये. समोरच्या वकिलांनी पहिल्याच तारखेला उभं राहून एवढंच विचारलं, नोटीस कुठे दिलीत? अर्ज मागे घेतला, नव्यानं नोटीस, नव्यानं अर्ज, मधले पाच महिने गेले. अशील काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त चहा मागवला, त्याचं जास्त लागलं. आता आमच्या ऑफिसात पत्त्याचं प्रिंटआउट फाइलच्या पहिल्या पानाला टाचलेलं नसेल तर ड्राफ्ट माझ्या टेबलावर येतच नाही.

१७. बिल्डर इन्सॉल्व्हन्सीत गेला, आमचा फ्लॅट अडकलाय. आम्ही कोण?

२०१८ पासून तुम्ही फायनान्शियल क्रेडिटर, म्हणजे बँकेच्या वर्गात. कमिटीत तुमच्या सगळ्यांचा एक प्रतिनिधी बसतो आणि तो बहुमतानं मत देतो. पेपरात जाहीर सूचना आली की 'सीए' नावाचा फॉर्म स्वतः भरायचा, मुदतीत, अलॉटमेंट लेटर आणि पैसे भरल्याचे पुरावे लावून. 'ग्रुपमधल्या काकांनी भरलाय' म्हणजे तुमचा भरला असं नसतं. महारेराची ऑर्डर हातात असली तरी तुम्ही घरखरेदीदारच राहता, तो दर्जा जात नाही. तुम्हाला स्वतःहून बिल्डरला एनसीएलटीत न्यायचं असेल तर एकाच प्रोजेक्टचे १०० जण किंवा एकूण खरेदीदारांच्या १० टक्के, जे कमी असेल तेवढे एकत्र पाहिजेत. आणि आधी विचार करा, फ्लॅट हवाय की पैसे, कारण सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे ठरायलाच तीन रविवार जातात.

१८. कंपनी बंद पडली, चार महिन्यांचा पगार राहिलाय. वकील लावावा लागेल का?

क्लेमसाठी नाही. फॉर्म डी आरपीकडे पाठवायचा, पगारपत्रक आणि बँक स्टेटमेंट लावून, त्याला फी नाही. कंपनी विक्रीला म्हणजे लिक्विडेशनला गेली तर कामगारांची २४ महिन्यांपर्यंतची देणी तारणवाल्या बँकांच्या बरोबरीनं येतात, ऑफिस स्टाफची १२ महिन्यांपर्यंतची त्याच्या खालोखाल. प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे त्या वाटपात धरतच नाहीत, ते बाजूला. क्लेम भरलाच नाही आणि कंपनी पुन्हा उभी करायचा प्लॅन मंजूर झाला तर हक्क गेल्यात जमा, हे मात्र कडक आहे.

१९. कंपनीच्या कर्जाला माझ्या बायकोनं गॅरंटी दिलीय. कंपनी एनसीएलटीत गेली, आता ती सुटली ना?

नाही हो. मोरॅटोरियम म्हणजे वसुलीला स्थगिती, ती कंपनीला असते, जामीनदाराला नाही. कंपनीचा प्लॅन मंजूर झाला तरी नुसत्या तेवढ्यानं जामीनदार सुटत नाही, २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं ललितकुमार जैन प्रकरणात हे स्पष्ट केलं. १ डिसेंबर २०१९ पासून अशा जामीनदारांवर वेगळी इन्सॉल्व्हन्सीही लावता येते. वहिनींना सही करताना कुणी वाचून दाखवलं नसणार, बहुतेक घरांत तेच, चहाच्या कपाशेजारी कागद ठेवला आणि इथे इथे सही कर. चेक बाउन्सचंही असंच, कंपनीवरची केस मोरॅटोरियममध्ये थांबते, चेकवर सही करणाऱ्या डायरेक्टरवरची चालू राहते.

२०. मी कंपनी नाही, साधा माणूस. क्रेडिट कार्डानं बुडालोय, दिवाळखोरी जाहीर करू शकतो?

आयबीसीत व्यक्तींसाठी प्रकरण लिहिलेलं आहे पण ते लागू झालंय फक्त कंपनीच्या जामीनदारांपुरतं (प्रश्न १९). बाकीच्यांना पुण्यात अजून १९२० चा प्रांतिक नादारी कायदा, अर्ज दिवाणी न्यायालयात, आणि त्यात कर्जाची किमान रक्कम आहे पाचशे रुपये. १९२० साली पाचशे म्हणजे काय असेल त्याचा विचार करा. व्यवहारात बँकेशी सेटलमेंटचं बोलणं आधी करा, लेखी करा आणि पैसे भरल्यावर नो ड्यूज घ्या.

२१. ज्युनिअर म्हणून यायचंय. काय यायला हवं?

लेजर वाचता आलं पाहिजे आणि तारखांची यादी बनवता आली पाहिजे. मी मुलाखतीत कायद्याचा प्रश्न विचारत नाही, एक दहा पानी फाइल देते आणि सांगते तारीखवार काय झालं ते एका पानात लिही. बरेच जण निकालांची नावं लिहून आणतात. कलमं आपोआप पाठ होतात. अपिलाचे ३० दिवस आणि वरचे १५ कधीपासून मोजायचे (ऑर्डर सुनावल्यापासून, वेबसाइटवर चढल्यापासून नाही) हे ज्याला रात्री झोपेतून उठवून सांगता येतं तो टिकतो. मराठी चांगलं हवं, अशील बोलतात मराठीत आणि अर्ज जातो इंग्रजीत, मधलं सगळं ज्युनिअर.

२२. इथे नाव, नंबर का नाही? आणि मग वकील चांगला आहे हे ओळखायचं कसं?

वकिलाला जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी बंदी आहे, नियम ३६, आणि मला सनद प्यारी आहे. ओळखायचं म्हणाल तर व्हिजिटिंग कार्ड आणि रील बघू नका. एनसीएलटीच्या वेबसाइटवर ऑर्डर फुकट दिसतात, प्रत्येक ऑर्डरमध्ये कोणातर्फे कोण हजर होतं ते लिहिलेलं असतं. जिल्हा कोर्टासाठी ई-कोर्ट्सवर वकिलाच्या नावानं शोधता येतं. दोन-तीन मॅटर उघडा, तारखा बघा, माणूस हजर असतो का की दर वेळी 'वेळ मागितला' लिहिलंय. आणि पहिल्या भेटीत तुमचे कागद न बघताच कुणी 'होऊन जाईल' म्हणालं तर चहा पिऊन निघा.